सोनोग्राफीत बाळाचं डोकं 'लांबट' लिहिलंय, बीपीडी दोन आठवडे मागे. कुणाला असा अनुभव?

तीळगूळ
नमस्कार मंडळी. पहिलं बाळंतपण आहे, साताऱ्याला माहेरी आलेय. काल ३२ आठवडे पूर्ण झाले म्हणून सोनोग्राफी केली. तारीख ९ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीवरून ठरलेली आहे, पाळीच्या तारखेशीही ती जुळते. रिपोर्टमधले आकडे जसेच्या तसे देते:

बीपीडी ७६ मिमी (३० आठवडे ४ दिवस)
ओएफडी १०६ मिमी
एचसी २९५ मिमी (३२ आठवडे ४ दिवस)
पोट आणि मांडीचं हाड ३२ आठवड्यांच्या आसपास. पाणी पुरेसं. बाळ ब्रीच, म्हणजे डोकं वर.

आणि खाली एक ओळ: 'डोलिकोसेफॅली'. रिपोर्ट हातात दिला तेव्हा कुणी काही बोललं नाही. घरी येऊन तो शब्द शोधला आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमच्या डॉक्टर बाहेरगावी आहेत, गुरुवारी भेटतील. आईला अजून सांगितलेलं नाही. बाळाचा मेंदू नीट वाढतोय ना, एवढंच मला कळायला हवंय. एकाच डोक्याचे दोन आकडे दोन वेगळी वयं कशी दाखवतात?

पमी
आधी पोटभर जेव आणि झोप बघू. माझ्या दोन्ही मुलांच्या रिपोर्टमध्ये हा शब्द होता. एक आता दहावीला आहे.

गव्हाची_पोळी
तीळगूळ, आईला सांग गं. अशी रात्र एकटीने काढू नये.

ध्वनिलहरी
मी सोनॉलॉजिस्ट आहे, अठरा वर्षं हेच काम करते. तुझे डॉक्टर तुला तपासतील, मी तपासू शकत नाही. पण हे आकडे काय सांगतात ते नक्की समजावते.

बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. ओएफडी म्हणजे कपाळापासून मागच्या कवटीपर्यंतची लांबी. एचसी म्हणजे डोक्याचा घेर. बाळाची कवटी एकसंध हाड नसते. हाडांच्या पाट्यांमध्ये मऊ सांधे असतात, म्हणून ती दाबली जाते. दोन्ही बाजूंनी दाब आला की रुंदी कमी होते आणि लांबी वाढते, पण आतली जागा जवळपास तेवढीच राहते. म्हणून रुंदी एकटी वाचली तर बाळ मागे वाटतं आणि घेर वाचला तर बरोबर निघतं. तुझ्या रिपोर्टमध्ये हेच झालंय. मेंदूच्या वाढीसाठी मी आधी घेर बघते, आणि तुझ्या बाळाचा घेर तारखेला धरून आहे.

आकार एका आकड्यात सांगायचा तर बीपीडी भागिले ओएफडी गुणिले १००. त्याला सेफॅलिक इंडेक्स म्हणतात. सरासरी ७८ च्या जवळपास, आणि ७४ ते ८३ हा नेहमीचा पट्टा धरतात. तुझं ७६ भागिले १०६ म्हणजे जवळपास ७२. पट्ट्याच्या जरासं खाली, म्हणून तो शब्द छापला गेला. डोलिकोसेफॅली म्हणजे लांबट डोकं, एवढाच त्याचा अर्थ. तो आजार नाही.

आणि बाळ ब्रीच आहे, हे तू शेवटी लिहिलंस. मी ते सगळ्यात आधी वाचलं. ब्रीच बाळांचं डोकं असं लांबट असणं आम्ही नेहमी बघतो.

सुपारी_फोड्या
'बाळ ब्रीच' वाचून आमची आजी आठवली. ती म्हणायची, पायाळू होणार! पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते. तीळगूळ, घरात वैद्यच येतोय.

आजीचा_बटवा
सुपारी, माझे सासरे पायाळू होते. गावातली माणसं उसण भरली की आमच्या ओसरीवर पालथी पडायची, आणि सासरे जेवण अर्धवट सोडून पाय लावायला यायचे.
तीळगूळ बाळा, डोक्याच्या आकाराचं मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही मोहरीची उशी करायचो. मऊ धुवट कापडात मोहरी भरायची, फार ठासायची नाही. डोकं महिन्याभरात गोल.

निंबोणी
आजी, मान ठेवून बोलते. मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे. बाळ झोपताना पाळण्यात किंवा गादीवर उशी ठेवू नका, मोहरीचीही नाही. तोंड उशीत रुतलं तर तान्ह्या बाळाला मान फिरवता येत नाही. बाळ उताणं, सपाट गादीवर झोपवायचं. जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर पोटावर पालथं घालायचं. पोटात दबलेलं डोकं बहुतेक वेळा आपलं आपण भरून येतं.

आजीचा_बटवा
आमच्या पाच मुलांना काही झालं नाही. पण तू रोज पन्नास बाळं बघतेस, मी पाचच पाहिली. नातीला सांगेन. मोहरी फोडणीला वापरू.

बेरीज_वजाबाकी
ध्वनिलहरीताई, एक शंका. दोन व्यासांवरून लंबगोलाचा घेर काढायचा तर पाय भागिले दोन, (पाय म्हणजे गणितातला ३.१४), म्हणजे १.५७ ने दोन्ही व्यासांच्या बेरजेला गुणतात. ७६ अधिक १०६ म्हणजे १८२. गुणिले १.५७ केलं की २८६ येतात. रिपोर्ट २९५ म्हणतो. नऊ मिमी कुठून आले? गरोदर बाईच्या रिपोर्टमध्ये गणित चुकलेलं मला बघवत नाही.

ध्वनिलहरी
बेरीज, शंका अगदी बरोबर आहे. उत्तर कॅलिपर कुठे ठेवतात यात आहे. कॅलिपर म्हणजे स्क्रीनवरच्या त्या दोन छोट्या फुल्या. हॅडलॉक नावाच्या डॉक्टरांच्या पद्धतीत बीपीडी घेताना प्रोबजवळच्या (प्रोब म्हणजे पोटावर फिरवतात तो दांडा) हाडाची बाहेरची कड धरतात आणि पलीकडच्या हाडाची आतली कड. म्हणजे एका बाजूच्या हाडाची जाडी मोजलीच जात नाही. ओएफडीला दोन्हीकडे हाडाच्या मध्यावर फुली ठेवतात, तिथेही थोडं हाड बाहेर राहतं. घेर मात्र हाडाच्या बाहेरून हवा असतो. म्हणून या पद्धतीत १.५७ ऐवजी १.६२ ने गुणतात. १८२ गुणिले १.६२ करून बघ.

बेरीज_वजाबाकी
२९४.८४. म्हणजे २९५. जीव भांड्यात पडला.

ध्वनिलहरी
बहुतेक मशीनवर आता ट्रॅकबॉल फिरवून डोक्याभोवती थेट लंबगोल बसवता येतो. तो कवटीच्या पांढऱ्या रेघेला बाहेरून चिकटून हवा. डोक्याची कातडी आत घेतली की घेर उगाच वाढतो.

आता मोजण्याच्या आधीची गोष्ट, कारण बऱ्याच चुका तिथेच होतात. काकडी सरळ कापली की गोल चकती, तिरपी कापली की लांबट. डोक्याचंही तसंच आहे. आम्हाला एक ठरावीक काप पकडावा लागतो. मधली रेघ बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंना थॅलॅमसचे दोन काळसर गोळे, पुढच्या भागात कॅव्हम नावाची छोटी पेटी, कवटी सगळीकडून सलग. मागचा लहान मेंदू दिसला तर काप तिरका झाला, परत घ्यायचा. बाळ हलत असतं, आईला श्वास रोखायला सांगायचा, चित्र गोठवायचं, फुल्या ठेवायच्या. नववा महिना लागला आणि डोकं कटीत उतरलं की हा काप मिळवताना घाम फुटतो. अशा वेळी मी रिपोर्टवर स्पष्ट लिहिते की माप नीट घेता आलं नाही. ते लिहिण्यात कमीपणा नाही.

रेशीमकिडा
माझा अनुभव लिहिते, कारण तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिल्या खेपेला ३४ व्या आठवड्यात रिपोर्टखाली नवीन तारीख छापून आली, आधीच्यापेक्षा सोळा दिवस पुढची. तिथे मला सांगितलं, तारीख पुढे गेली, निवांत राहा. आम्हीही आनंदाने बारशाचा हॉल पुढे ढकलला. खरं म्हणजे तारीख पुढे गेलीच नव्हती, बाळाची वाढ मागे पडली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी माझी ८ व्या आठवड्याची सोनोग्राफी काढून बघितली तेव्हा कळलं. सुदैवाने वेळेत कळलं, मुलगी आज सहा वर्षांची आहे. तेव्हापासून ओळखीत कुणीही गरोदर असलं की मी एकच सांगते: पहिल्या सोनोग्राफीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपा.

ध्वनिलहरी
रेशीमकिडा, तुझी पोस्ट या धाग्यावर सगळ्यात वर असायला हवी.

मशीन दरवेळी डोकं, पोट, मांडी यांची सरासरी काढून वय आणि तारीख छापतं. ते त्या दिवसाच्या मापांवरून आलेलं असतं. पहिल्या तिमाहीत सगळी बाळं जवळपास सारखी असतात, म्हणून डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून काढलेली तारीख पाच ते सात दिवसांच्या आत बसते. ही लांबी ८४ मिमीच्या पुढे गेली की मग डोक्याच्या घेरावर यायचं. २८ आठवड्यांनंतर फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो, कारण तोवर कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी उपाशी. तेव्हा एकदा तारीख नीट ठरली की ती बदलायची नाही. पुढच्या सोनोग्राफीने बाळ किती वाढलं ते बघायचं.

वार नीट काम करत नसेल तेव्हा बाळ मेंदूला रक्त आधी पुरवतं. मग पोट बारीक राहतं आणि डोकं बऱ्यापैकी वाढत राहतं. म्हणून डोक्याचं माप कधी एकटं वाचू नये, पोटाशेजारी ठेवून वाचावं.

क्लाइडकाठचा
मी ग्लासगोत राहतो, म्हणून थोडं अवांतर. पोटातल्या बाळाचं डोकं आवाजाने मोजायची सुरुवात याच शहरातली. इयान डोनाल्ड हे इथले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून जवळच्या रेनफ्र्यूला बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले. तिथे धातूतली भेग शोधायचं ध्वनियंत्र होतं. त्या यंत्रावर मांसाची गाठ आणि पाण्याची गाठ वेगळी दिसली. मग टॉम ब्राउन नावाच्या तरुण इंजिनिअरने यंत्र बनवलं, जॉन मॅकव्हिकार सोबत होते, आणि १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये लेख आला. सुरुवातीला डोकं म्हणजे स्क्रीनवर दोन उंच टोकं, एवढंच दिसायचं. १९६८ मध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी आधी चित्रात मधली रेघ शोधायची आणि मग तिच्या काटकोनात रुंदी मोजायची ही रीत दिली. ताईंनी वर सांगितलेली मधली रेघ हीच. माझी मुलगी इथेच जन्मली. तिच्या पहिल्या सोनोग्राफीच्या वेळी मला त्या बॉयलरवाल्यांचे पाय धरावेसे वाटले होते.

कोल्हापुरी_गूळ
लई भारी माहिती. बॉयलर तपासता तपासता बाळ सापडलं म्हणायचं.

वाटसरू
माझं मत थोडं वेगळं आहे. मापावरून बाळाचं वय सांगणारे हे तक्ते सगळे गोऱ्यांचे. हॅडलॉक ह्यूस्टनचे, टेक्ससमधले. आपली बाळं मुळात लहान चणीची, त्यांना तो तक्ता लावायचा आणि आयांना घाबरवायचं. आपलं डोकं आपल्या मापाने मोजा की.

संत्रा_बर्फी
वाटसरू भाऊ, थोडं थांबा. इंटरग्रोथ-२१ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात आमचं नागपूर होतं. आठ ठिकाणं होती: ब्राझीलचं पेलोतास, इटलीचं तुरिन, ओमानचं मस्कत, इंग्लंडचं ऑक्सफर्ड, अमेरिकेचं सिअ‍ॅटल, चीनचं बीजिंग, केनियाचं नैरोबी आणि आपलं नागपूर. २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचे तक्ते आले. निरोगी, नीट खाणाऱ्यापिणाऱ्या बायका निवडल्या आणि सुरुवातीपासून बाळंतपणापर्यंत मापं घेतली. निघालं काय, तर आईची तब्येत, आहार, देखभाल चांगली असेल तर डोक्याची वाढ सगळीकडे जवळपास सारखीच होते. म्हणजे 'आपली लहानच असतात' म्हणून सोडून देणं बरं नाही ना. लहान का राहिलं ते विचारायला पाहिजे.

वाटसरू
नागपूरचं माहीत नव्हतं. आभार. तरीही तारीख ठरवायला आपल्याकडची सूत्रं हवीत, या मतावर मी ठाम आहे.

ध्वनिलहरी
वाटसरू, त्यात तथ्य आहे. गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातल्या गर्भवतींच्या मापांवरून फरीदाबादच्या टीएचएसटीआय संस्थेने आणि आयआयटी मद्रासने 'गर्भिणी-जीए२' हे सूत्र काढलं, २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या वयासाठी आहे, म्हणजे ज्या बाईची पहिली सोनोग्राफी झालेलीच नाही तिच्यासाठी.
आणि एक सूचना. इंटरग्रोथमध्ये बीपीडी दोन्हीकडे बाहेरच्या कडेवर घेतात, हॅडलॉकमध्ये बाहेर-आत. माप एका पद्धतीने घेऊन तक्ता दुसरा लावला तर काही मिमींचा फरक तिथेच पडतो. दोन सेंटरचे रिपोर्ट शेजारी ठेवताना हे लक्षात असू द्या.

डोंगरवाट
मी आशा सेविका आहे, नंदुरबार जिल्ह्यात. ताईंनी लिहिलं ना, पहिली सोनोग्राफी झालेली नाही तिच्यासाठी, त्या बायका माझ्या आहेत. पाळीची तारीख विचारली तर सांगतात, भोंगऱ्या बाजार होता तेव्हा. होळीच्या आधीचा आठवडा, मी तेवढं कार्डावर लिहून घेते. मग शेतीची कामं लागतात, कुणी गुजरातला मजुरीला जातं. पोळ्याच्या सुमारास परत येतात तेव्हा सहावा महिना. दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी असते, गाडी करून घेऊन जाते. तिथल्या मॅडम डोक्याचा घेर बघूनच तारीख देतात, दुसरं काही हातात नसतं. आणि मला विचारतात, भोंगऱ्या यंदा कधी होता? दोन्ही जुळलं की मॅडम हसतात.
एक मुलगी होती, पहिलटकरीण. स्क्रीनकडे बघून विचारायला लागली, हे गोल काय? मॅडम म्हणाल्या, डोकं. तिने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि विचारलं, एवढं? मॅडमनी तिची ओंजळ धरून जराशी लहान केली.

तीळगूळ
डोंगरवाटताई, हे वाचून डोळे भरून आले. मी साताऱ्यात बसून एका शब्दाने रडतेय.

पमी
रडण्याला जिल्हा नसतो गं.

मोगरा_०७
मी लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. तीळगूळ, हे तुझ्यासाठी नाही, तुझं वेगळं आहे. पण २० आठवड्यांची सोनोग्राफी 'कशाला हवी' म्हणणाऱ्यांसाठी लिहितेय. आमच्या पहिल्या बाळाचं डोकं पुढून दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं दिसलं, लिंबासारखं. तपासणाऱ्या बाईंनी लगेच बाळाची पाठ बघितली, मणका खाली उघडा होता. ते बाळ आमच्याकडे राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, डॉक्टरांनी मोठ्या डोसची गोळी दिली होती. मुलगा आता तीन वर्षांचा आहे.

ध्वनिलहरी
मोगरा, लिहिलंस यासाठी मनापासून आभार.
लिंबाचा हा आकार १९८६ मध्ये निकोलायडिस आणि कॅम्पबेल यांनी नोंदवला, तेच कॅम्पबेल. उघड्या मणक्यातून मेंदूभोवतीचं पाणी झिरपतं, मागचा मेंदू खाली ओढला जातो आणि कपाळाची मऊ हाडं आत बसतात. म्हणजे दोष पाठीत असतो आणि खूण डोक्यावर दिसते. आकार बघायचा तो यासाठी. ज्यांना मूल हवंय त्यांनी दिवस राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं. आधी असं बाळ झालं असेल तर डोस मोठा, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

कर्वे_रोड
२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिका आला, ज्याने पोटातल्या बाळाचं डोकं लहान राहू शकतं, तेव्हा माझी बायको पाच महिन्यांची गरोदर होती. आमच्या भागात रुग्ण सापडले, गरोदर बायकाही होत्या त्यात. तिची तपासणी निगेटिव्ह आली, तरी चार-चार आठवड्यांनी डोक्याचा घेर मोजत होतो. तेव्हा डॉक्टरांनी शिकवलं की एका मापाने डोकं लहान ठरवत नाहीत. सरासरीपेक्षा बरंच खाली आणि पुढच्या मापांतही मागे पडत जाणारं असेल तर काळजी. आई-वडिलांचंही डोकं मोजतात, कारण घराण्यातच लहान डोकी असू शकतात. आमच्या दोघांच्या डोक्याला टेप लावला होता. मी शाळेत टोपी न बसणारा मुलगा होतो, डॉक्टर म्हणाले बाळाला वारसा चांगला आहे.

नवा_पक्षी
एक विचारू? डोक्याच्या आकारावरून मुलगा की मुलगी ते कळतं असं कुणीतरी म्हणालं...

संपादक
नवा_पक्षी, असं काही कळत नाही, आणि तो प्रश्न इथे चालणार नाही. महाराष्ट्राने यावर १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. धागा मूळ विषयावर राहू द्या.

तीळगूळ
गुरुवार झाला. डॉक्टरांनी पहिल्या सोनोग्राफीचा कागद मागितला (रेशीमकिडा, प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच काढून दिला). घेर आधीच्या २० आठवड्यांच्या मापासोबत रेषेवर ठेवून दाखवला. तेव्हा १७४ होता, आता २९५, दोन्ही ठिपके एकाच वळणावर. कवटीचे सांधे आणि मेंदूच्या आतली पाण्याची जागा बघून घेतली, सगळं ठीक. तारीख बदलली नाही. चार आठवड्यांनी परत बोलावलंय. म्हणाल्या, बाळ फिरलं तर डोकंही बहुतेक गोल दिसायला लागेल. आईला आता सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुझंही डोकं जन्मताना दुधीभोपळ्यासारखं होतं.

सुपारी_फोड्या
आणि आता साबुदाणावड्यासारखं?

तीळगूळ
३६ आठवडे. बाळ फिरलं! डोकं खाली. बीपीडी ८९, ओएफडी ११६, इंडेक्स ७७. मी स्वतः भागाकार केला. बेरीज, तपासून सांगा.

बेरीज_वजाबाकी
७६.७. बरोबर आहे. १.६२ ने घेर ३३२.

तीळगूळ
रिपोर्टवरही ३३२ च आहे.

सुपारी_फोड्या
म्हणजे उसण भरली तर आम्ही जायचं कुठे?

तीळगूळ
मंडळी, काल पहाटे मुलगी झाली. नॉर्मल. ३९ आठवडे १ दिवस. कळा सोसून डोकं मागे थोडं निमुळतं झालंय, सिस्टर म्हणाल्या दोन-चार दिवसांत बसेल. त्यांनी भुवयांवरून मागे टेप फिरवला आणि मोठ्याने वाचलं, ३४ सेंटिमीटर. मी ओंजळ करून बघितली, डोंगरवाटताई. ओंजळीत मावत नाही.

डोंगरवाट
माझ्याकडून तिच्या टाळूला हात लावा.

आजीचा_बटवा
कोमट तेल लाव, जोर देऊ नकोस. उशी नको. निंबोणी रागावेल.